जांभळ्या पानाचा रकाना

नंदी टेकड्यांवर, पत्र्याच्या शेडखाली
माझा काटा लोंबतो.
एकोणीस वर्षं मी चहाचं पान तोलतो आहे.
गोणीमागे अर्धा किलो वजा,
पान ओलं असेल तर आणखी थोडं,
आणि बायका म्हणतात, किबेत,
तुझं पोट आमच्या पावसावर भरतं.

म्हणू देत.
पाऊस इथं कुणी तोलत नाही,
पण तो माझ्या वहीत उतरतोच.

जुन्या वह्या उघडा:
एप्रिल म्हणजे झुंबड. लॉरी दिवसातून दोनदा यायची,
आकडे रकान्याबाहेर कोपरं काढून बसलेले.
आताचा एप्रिल हडकुळा.
मग कधीतरी एकाच आठवड्यात सगळं फुटून येतं,
लॉरी चिखलात रुतते,
पान गोणीत तापत राहतं.
हात घातला तर
तापलेल्या पोराच्या काखेसारखं लागतं.

तापकिगेन, क्रमांक एकशे बेचाळीस.
त्या दिवशी ती रिकामी गोणी घेऊन आली.
वीस मिनिटं आभाळातून कुणी खडी ओतत होतं;
तिच्या मळ्यात नुसत्या काड्या उभ्या,
आणि सरींमधून हिरव्या पानांचा
थंड, पांढरा चिखल.

"शून्य लिही," म्हणाली.
मी म्हटलं, शून्य लिहीत नाहीत, जागा कोरी सोडतात.
"कोरी म्हणजे आलीच नाही.
मी आलेय. शून्य लिही."

लिहिलं.

त्यानंतर ती काय काय करत गेली
ते मला वजनांतूनच कळत होतं.
खोलगट वाफा तिनं मोडला;
तिथं पहाटे दहिवर साचायचं, कोवळे शेंडे करपायचे.
आता तिथं गवत, आणि गवतावर दोन गाई.
माझ्या वहीत अकरा किलो कमी.
सरींमध्ये सावलीची झाडं लावली.
शेजारी हसले: सावली पान खाते, म्हातारे!
खातेही. पहिली दोन वर्षं खाल्लंच.
पण परवाच्या फेब्रुवारीत, कोरड्या उन्हात,
हसणाऱ्यांच्या गोण्या अर्ध्या होत्या
आणि तिची पाऊण.
छाटणीच्या फांद्या ती चुलीला देत नाही,
झुडपांच्या बुंध्याशी अंथरते.
"मुळांना पांघरूण, आणि आम्ही ओल्या लाकडानं डोळे चोळायचे,"
सून काट्यापाशीच कुरकुरते.
ती ऐकते. फांद्या मात्र अंथरते.

आणि मग दोनशे रोपं.
रोपवाटिकेतून आणलेली, जांभळ्या पानांची.
तहान काढतात म्हणे, थंडीलाही लवकर दबत नाहीत.
म्हणे.
गारांबद्दल तिनं विचारलं होतं.
रोपवाटिकेतला पोरगा चपलेकडे बघत राहिला.

तीन वर्षांनी, काल,
हिरव्या गोणीमागून तिनं एक छोटी पिशवी पुढे केली.
दोन पानं, एक कळी, दोन पानं, एक कळी,
सगळी जखमेभोवतीच्या कातडीच्या रंगाची.
साडेतीन किलो.

लॉरीवाला म्हणाला, टाक हिरव्यातच,
कारखाना वेगळा भाव देत नाही.
खरं होतं ते.
तापकिगेननं पिशवीचं तोंड मुठीत धरलं.
"मग वेगळी जाईल तेव्हा जाईल.
तू लिही वेगळं."

वहीत रकाने पाच. सगळे छापील.
मी साबणाच्या खोक्याची कड लावून
सहावी रेघ ओढली.
वर नाव काय घालू, विचारायला मान उचलली
तर ती टिंडेरेटच्या बाजूला बघत होती.
तिकडे आभाळ काळं नव्हतं,
त्या हिरवट रंगाचं होतं
ज्याला आम्ही कुणीच नाव देत नाही.

लॉरीनं भोंगा दिला.
मी घाईघाईनं साडेतीन लिहिलं.
रेघ जरा तिरपी आली आहे.